सेंटरला की शांत एरियात? आधी रूमची खिडकी कुठे उघडते ते बघ

पत्र असं आलंय:

"ताई, पुढच्या महिन्यात मी, नवरा आणि ७४ वर्षांच्या सासूबाई असे तिघं सहा रात्रींसाठी युरोपातल्या एका मोठ्या शहरात जातोय (शहराचं नाव देत नाही, आमच्याकडचे सगळे हे सदर वाचतात). नवऱ्याने मेन स्टेशनच्या जवळ, एकदम सेंटरला हॉटेल बुक करून टाकलंय, फ्री कॅन्सलेशन आहे. रिव्ह्यूमधे निम्मे लोक म्हणतात लोकेशन एक नंबर आणि निम्मे म्हणतात रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सासूबाईंची झोप इतकी हलकी आहे की शेजारच्या खोलीत कोणी स्विच दाबला तरी त्या उठून बसतात, शिवाय गुडघे दुखतात. मी एक हॉटेल शोधलंय, शांत निवासी भागात, रूम मोठी, पैसे कमी, पण सेंटरपासून ९ किलोमीटर. नवरा म्हणतो रोजच्या जाण्यायेण्यातच ट्रिप संपेल. आता त्याने तोडगा काढलाय की तीन रात्री इथे, तीन रात्री तिथे. काय करू? आणि अशा भागात रात्री परत येताना भीती नाही ना वाटणार? — दोघांच्या मधे अडकलेली"

अगं, तोडग्यापासूनच सुरू करते, कारण तिन्हीमधे तोच सगळ्यात वाईट आहे. दोन्हीकडचं थोडं थोडं मिळेल असं वाटतं पण मिळतो तो फक्त दोन वेळचा पसारा. एक अख्खा दिवस बॅगा भरणे, चेक-आउट, बॅगा कुठेतरी ठेवणे, दुपारी तीनला नवीन चेक-इन यात जातो आणि हे सगळं गुडघे दुखणाऱ्या माणसाला घेऊन. शिवाय झोपेचं एक आहे. अमेरिकेतल्या ब्राउन युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी २०१६ मधे एक अभ्यास छापला होता, त्यात दिसलं की अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूची डावी बाजू उजवीइतकी गाढ झोपत नाही, ती बारीकसारीक आवाजांना दाद देत राहते, जणू पहाऱ्यावर असल्यासारखी. नंतरच्या खेपेला हा फरक राहिला नाही. म्हणजे पहिली रात्र थोडी खराब जाणार हे तसंही ठरलेलंच आहे, मग सहा रात्रींत दोन 'पहिल्या रात्री' कशाला करायच्या? हॉटेल एकच घ्या, कुठलं ते बघू.

आता तुमच्या भांडणाचं. तुम्ही दोघं एरियावरून भांडताय आणि मला वाटतं दोघांचंही थोडं चुकतंय. सासूबाईंची झोप एरिया ठरवणार नाही, रूम कुठल्या बाजूला आहे ते ठरवेल. एरिया निवडायचा तो दुसऱ्या कारणांसाठी, त्यावर येते खाली.

लंडनचंच घे, अगदी मधोमध जी 'सिटी' आहे, बँका आणि ऑफिसं असलेली, तिथे राहणारे लोक जेमतेम साडेआठ हजार आणि रोज कामाला येणारे सहा लाखांहून जास्त. शनिवार रविवार तिथे चिटपाखरू नसतं. याच्या उलट बार्सिलोनातलं ग्रासिया, अगदी राहत्या लोकांचा भाग, छोट्या गल्ल्या, छोटे चौक, जाहिरातीत गावासारखं शांत वगैरे लिहिलेलं असतं आणि त्या चौकांत लोक मध्यरात्र उलटली तरी गप्पा मारत बसतात, ऑगस्टच्या मधे तर आठवडाभर गल्लीगल्लीत उत्सव. रोममधे त्रास्तेव्हेरे फोटोत बघितलं की वाटतं इथेच राहावं, आणि रात्री तिथल्याच बारच्या बाहेर निम्मं शहर उभं असतं. नदीच्या त्याच बाजूला थोडं वर प्राती आहे, रुंद सरळ रस्ते, फोटोत तसं साधंच, पण तिथे झोप लागते. पॅरिसमधे सेंट मार्टिन कालव्याच्या काठाला उन्हाळ्यात तरुण मंडळी बाटल्या घेऊन बसतात आणि तोही राहताच भाग म्हणून सांगतात. तेव्हा 'निवासी' हा शब्द वाचून बुकिंग करू नकोस.

दुसरं असं की शांत भागातच एकेकटा आवाज जास्त टोचतो. सेंटरला रात्रभर एकसारखी घरघर असते, तिची कानाला सवय होते. गल्ली अगदी सामसूम असली की दोन वाजता गेलेली एक स्कूटर माणसाला ताडकन उठवते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मधे बेडरूमसाठी जे आकडे दिले होते त्यात दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या धरल्यात, एकसारखा आवाज आत ३० डेसिबलच्या आसपास असावा आणि अधूनमधून येणारा एकेकटा आवाज ४५ च्या वर जाऊ नये. सासूबाईंची अडचण दुसऱ्या प्रकारची आहे हे तूच लिहिलंयस, स्विचच्या आवाजाने उठतात म्हणजे.

निवासी भागात हे एकेकटे आवाज येतात कुठून, तर पहाटेची कचऱ्याची गाडी, काचेच्या बाटल्या टाकायचा मोठा डबा (युरोपात कोपऱ्याकोपऱ्यावर असतो आणि त्यात बाटली पडली की तिसऱ्या मजल्यावर कळतं), वळणावर किंचाळणारी ट्राम, चर्चची घंटा, आठवडी बाजार असेल तर पहाटे पाचला स्टॉल लावायची आदळआपट, शाळेचं मैदान. आणि विमानं! लंडनला रिचमंड आणि क्यू इतके सुंदर भाग आहेत, बागा, नदी, सगळं, पण हीथ्रोला उतरणारी विमानं बऱ्याच दिवशी डोक्यावरून जातात आणि पहिली पहाटे साडेचारच्या सुमारास येतात. तू शोधलेलं हॉटेल सेंटरपासून ९ किलोमीटरवर आहे ना, तर मॅप जरा लांबून बघ, एअरपोर्टची धावपट्टी कुठल्या दिशेला तोंड करून आहे आणि ती रेघ पुढे वाढवली तर हॉटेलवरून जाते का. पाच मिनिटांचं काम आहे.

मग खोली. इमारतीची मागची बाजू, आतल्या चौकाकडे उघडणारी, हीच खरी गोष्ट आहे. गर्दीच्या रस्त्यापासून नुसतं लांब गेल्याने आवाज फार भराभर कमी होत नाही, सरळ वाहत्या रस्त्याचा आवाज अंतर दुप्पट केलं तरी फक्त ३ डेसिबलने उतरतो. पण मधे अख्खी इमारत आडवी आली की १० आणि त्याहून जास्त डेसिबल सहज जातात, आणि १० कमी म्हणजे कानाला साधारण निम्मा आवाज. म्हणून एकाच हॉटेलचे रिव्ह्यू निम्मे असे निम्मे तसे येतात, नवऱ्याने बुक केलंय त्याचेही तसेच आहेत बघ, कोणी खोटं बोलत नाहीये, निम्म्यांना रस्त्याकडची रूम मिळाली आणि निम्म्यांना मागची. मात्र मागे काय आहे तेही बघायचं, सॅटेलाइट व्ह्यूमधे झाडं आणि अंगण दिसतंय की रेस्टॉरंटच्या किचनच्या चिमण्या आणि एसीचे मोठे डबे दिसतायत. रूळ तर नाहीत ना!

आणि एसी. हे लोक विचारतच नाहीत. तिकडच्या बऱ्याच जुन्या, छोट्या हॉटेलांत एसी नसतो. वेबसाइटवर लिहिलेलं असतं दुहेरी काचेच्या खिडक्या, आवाज येत नाही, आणि ते खरंही असतं, पण उकाड्याचे दिवस असतील तर ती खिडकी रात्री उघडीच ठेवायला लागते आणि मग काच दुहेरी असो नाहीतर तिहेरी. थंडीत आलेले लोक लिहितात 'किती शांत', त्यांची खिडकी बंद होती. तेव्हा रिव्ह्यू वाचताना ज्या महिन्यात तुम्ही जाणार त्याच महिन्यातले वाच, मागच्या वर्षीचे चालतील. आणि तिथल्या भाषेतले रिव्ह्यू भाषांतर करून वाच, कारण तिथलेच लोक कामानिमित्त एक रात्र राहतात ते उगाच भारावून जात नाहीत, पाइपचा आवाज येतो, पलंग करकरतो असं सरळ लिहितात.

मी बघते ते असं. हॉटेल मॅपवर काढायचं आणि त्याच्या आजूबाजूचे बार, पब, रेस्टॉरंट एकेक करून उघडायचे, त्यात कुठल्या वाराला किती वाजता किती गर्दी असते त्याच्या उभ्या पट्ट्या दिसतात. शुक्रवार निवडायचा. रात्री अकराला पट्टी उंच आणि ती जागा हॉटेलच्या समोर किंवा त्याच गल्लीत असेल तर ते हॉटेल बाद, मग रिव्ह्यू ९ पॉइंट कितीही असेना. दहापर्यंत सगळं खाली आलेलं असेल तर उत्तम. मग त्या रस्त्याचे फोटो, म्हणजे स्ट्रीट व्ह्यू, त्यात तारीख लिहिलेली असते ती बघायची कारण चार वर्षांपूर्वीचा फोटो असेल तर समोरच्या रिकाम्या प्लॉटवर आता क्रेन उभी असू शकते. बांधकामाचं नवीन रिव्ह्यूमधेच कळतं, म्हणून रिव्ह्यू 'नवीन आधी' असे लावायचे, साइट आपणहून ते लावत नाही.

रात्री परत येण्याच्या भीतीचं उत्तरही त्याच फोटोंत आहे. स्टेशनपासून हॉटेलपर्यंत एकदा मोबाइलवर चालत जा. खाली दुकानं आहेत का, घरांच्या खिडक्या रस्त्याकडे आहेत का, की एका बाजूला लांबच लांब भिंत आणि दुसऱ्या बाजूला पार्क आहे. मधे एखादा भुयारी रस्ता लागतो का, रेल्वेच्या पुलाखालून जावं लागतं का. साध्या राहत्या गल्लीत रात्री दहाला कुत्रं फिरवणारे लोक असतात, कोपऱ्यावरचं छोटं दुकान उघडं असतं, तिथे मेन स्टेशनच्या आजूबाजूपेक्षा जास्त बरं वाटतं असं माझं मत आहे. मोठ्या स्टेशनांचा परिसर बऱ्याच शहरांत रात्री तसा नकोसाच असतो, हे नवऱ्याला सांग, तोही सेंटर सेंटर करतोय पण स्टेशनजवळ आणि सेंटर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत बरेचदा.

आता एरिया कशासाठी निवडायचा ते. नवऱ्याचा मुद्दा इथे बरोबर आहे, ९ किलोमीटर लांब. किलोमीटरमुळे नाही पण, दुपारमुळे. सासूबाई ७४ च्या आहेत, सकाळी साडेनऊला निघालात तर दीड दोनपर्यंत त्यांचं होऊन जाईल, मग त्यांना दोन तास आडवं व्हायचं असेल आणि संध्याकाळी परत बाहेर. हॉटेल दाराशी दार पाऊण तासावर असेल तर दुपारी परत येणं होत नाही, मग त्या म्युझियमच्या बाकावर बसून राहतात आणि सगळ्यांचाच मूड जातो. वीस पंचवीस मिनिटांत हॉटेल आलं तर दिवसाचे दोन तुकडे करता येतात, तुम्ही दोघंच एखाद्या संध्याकाळी परत बाहेरही जाऊ शकता आणि त्यांना रूमवर सोडून आलो याचं टेन्शन राहत नाही.

त्यासाठी अंतरापेक्षा एक सरळ गाडी बघायची, मधे बदल नको. बदल असला की जिने, लांबच लांब बोगदे, चुकीचा प्लॅटफॉर्म. सरळ गाडीची वीस मिनिटं परवडतात, एका बदलाची बारा मिनिटं नाही परवडत. आणि स्टेशनला लिफ्ट आहे का हे आधी बघ, मोठं शहर म्हणजे असेलच असं धरून चालू नकोस. लंडनच्या ट्यूबची २७२ स्टेशनं आहेत, त्यातल्या साधारण एक तृतीयांश स्टेशनांतच पायरी न चढता जाता येतं. पॅरिसच्या मेट्रोत तर १४ नंबरची लाइन, जी १९९८ मधे सुरू झाली, तेवढीच पूर्ण लाइन लिफ्टवाली आहे, बाकीच्या जुन्या लाइन म्हणजे जिनेच जिने. अशा शहरात बस किंवा ट्राम सरळ हॉटेलजवळ येत असेल तर ती मेट्रोपेक्षा बरी, रस्त्यावरूनच चढायचं, खिडकीतून शहर दिसतं, सासूबाईंना ते जास्त आवडेल बघ.

हॉटेलवाले लिहितात 'स्टेशनपासून ५ मिनिटं' ते कोणाच्या पावलांनी? जपानमधे घरांच्या जाहिरातीत याचा नियमच आहे, ८० मीटरला एक मिनिट धरायचं. सासूबाईंसाठी तू ५० धर. म्हणजे ४०० मीटरला आठ मिनिटं, आणि चढ असेल तर विसरूनच जा. मॅपवर चालायचा रस्ता काढलास की चढउताराची रेघ बहुतेक वेळा दिसते, ती बघ, लिस्बनसारख्या शहरात त्या रेघेवरच सगळं ठरतं.

शेवटची गाडी किती वाजता, तेही लगेच बघून घे, शुक्रवार शनिवार वेगळं असतं आणि बाकीचे दिवस वेगळं. लंडनला रात्रभर चालणारी ट्यूब फक्त शुक्रवार शनिवार आणि तीही काहीच लाइनवर, टोकियोत मध्यरात्रीच्या सुमारास सगळं बंद होतं, न्यूयॉर्कला चोवीस तास. शनिवार रविवारी दुरुस्तीसाठी लाइन बंद ठेवतात हेही होतं, तारखा आधी जाहीर झालेल्या असतात.

तू शोधलेलं 'हॉटेल' हे खरंच हॉटेल आहे ना? निवासी भागात बरेचदा बिल्डिंगमधला फ्लॅटच असतो आणि नाव मात्र स्वीट्स वगैरे. फ्लॅटला नाही म्हणत नाही मी, स्वयंपाकघर मिळतं, सासूबाईंना त्यांचा चहा हवा तेव्हा करता येतो. पण रिसेप्शन नसतं, किल्ली कोडच्या डब्यात, रात्री काही झालं तर फोनवर कोणी उचललं तर उचललं. आणि बऱ्याच शहरांनी यावर नियम कडक केलेत, न्यूयॉर्कमधे सप्टेंबर २०२३ पासून नोंदणीशिवाय आणि मालक सोबत राहत असल्याशिवाय ३० दिवसांच्या आतला फ्लॅट देता येत नाही, बार्सिलोनाने २०२८ पर्यंत पर्यटकांच्या फ्लॅटचे परवाने बंद करायचं ठरवलंय. नोंदणी नंबर जाहिरातीत दिसत नसेल तर ऐनवेळी कॅन्सल व्हायची भीती असते. तुमच्या तिघांसाठी मी तरी हॉटेलच घेईन. छोट्या हॉटेलातही रिसेप्शन रात्री दहाला बंद होतं कधीकधी, तुमचं विमान उशिरा पोचणार असेल तर विचारून ठेव. शहराचा टॅक्स वेगळा लागतो, अॅमस्टरडॅमला २०२४ पासून तो भाड्याच्या साडेबारा टक्के आहे, तेव्हा 'पैसे कमी' हा हिशोब टॅक्स धरून आणि तिघांचं रोजचं तिकीट धरून परत कर. फरक बराच आटेल.

तर माझं म्हणणं, नवऱ्याचंही नको आणि तुझंही नको. सेंटरपासून तीन चार किलोमीटरवर, एका सरळ गाडीने वीस मिनिटांत, स्टॉपपासून ३०० मीटरच्या आत, सपाट रस्ता, गल्लीत किराणा आणि औषधाचं दुकान, समोर बार नाही, असं तिसरं शोध. मिळतं. पॅरिसला बातिन्योल किंवा १५ वा विभाग, लंडनला ब्लूम्सबरी (हे तर चक्क मधेच आहे आणि मागच्या गल्ल्या एकदम गप्प), टोकियोत यामानोते या गोल फिरणाऱ्या लाइनवरची कोमागोमेसारखी छोटी स्टेशनं, तुमच्या शहरातही असं काहीतरी असणारच.

मिळालं की साइटवरच्या त्या 'विशेष विनंती'च्या चौकोनात लिहून मोकळी होऊ नकोस, हॉटेलला सरळ मेल कर. थोडक्यात लिही पण कारण देऊन लिही: सोबत ७४ वर्षांच्या बाई आहेत, झोप फार हलकी आहे, मागच्या बाजूची, लिफ्ट आणि जिन्यापासून लांबची, वरच्या मजल्यावरची रूम मिळेल का, एसी आहे का, आणि रस्त्यापासून लिफ्टच्या दारापर्यंत किती पायऱ्या आहेत. हा शेवटचा प्रश्न नक्की विचार, जुन्या इमारतींमधे लिफ्ट 'आहे' पण ती पाच सहा पायऱ्या चढून मग सुरू होते आणि त्यात एक माणूस आणि एक बॅग एवढंच मावतं. त्यांच्याकडे बहुतेक देशांत पहिला मजला म्हणजे आपल्यासारखाच तळमजल्याच्या वरचा. पोचायच्या दोन दिवस आधी परत एक ओळ पाठव, कारण कोणाला कुठली रूम हे बहुतेक ठिकाणी आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी ठरवतात, महिन्याभरापूर्वीचं पत्र तोपर्यंत खाली गेलेलं असतं. उत्तर कसं येतं त्यावरही बरंच कळतं, 'आम्ही प्रयत्न करू' असं एका ओळीत आलं तर दुसरं हॉटेल बघ, 'आमच्या अमुक रूम अंगणाकडे आहेत, त्यातली एक तुमच्यासाठी ठेवतो' असं आलं तर घे.

तिथे गेल्यावर रूम रस्त्याकडची निघाली तर बॅगा उघडायच्या आधी खाली जाऊन सांगायचं, सामान पसरल्यावर कोणीच बदलून घेत नाही, तुम्हीही आणि तेही. मेणाचे नाहीतर फोमचे कानात घालायचे बोळे घेऊन जा, सासूबाई आधी नाही म्हणतील, घरी दोन तीन रात्री घालून सवय करायला सांग, तिथे जाऊन पहिल्यांदा घातले तर त्यानेच झोप उडेल.

आणि नवऱ्याचं बुकिंग आत्ता कॅन्सल करू नकोस, नव्या हॉटेलचं मेलवर उत्तर येईपर्यंत राहू दे. फक्त फ्री कॅन्सलेशनची शेवटची तारीख आणि वेळ उघडून बघ, ती वेळ हॉटेलच्या शहरातल्या घड्याळाप्रमाणे असते, मोबाइलमधे आदल्या दिवशीचा अलार्म लावून ठेव.